तुलनेचं गाव

२९ जून, पोदग्लाव

प्रोफेसर मातुलिच निघताना म्हणाल्या होत्या, "आकडे एका वहीत लिहा आणि मनातलं दुसऱ्या वहीत. भेसळ केलीत तर दोन्ही वाया जाईल." ही मनातली वही.

उन्हाळी संशोधनासाठी आमच्या वैद्यकीय महाविद्यालयानं यंदा बारा विद्यार्थी निवडले. त्यातले अकरा जण स्प्लिट शहरात थंडगार प्रयोगशाळेत उंदीर नाहीतर काचपट्ट्या घेऊन बसलेत. बाराव्या मला मिळालं एक बेट आणि त्यावरची म्हातारी माणसं. ऑगस्टअखेर सगळ्यांनी आपापलं काम मांडायचं आणि ज्याचं काम सर्वांत नेटकं, त्याला शरद ऋतूपासून मातुलिचबाईंच्या गटात जागा. ती जागा मला हवी आहे. या वहीत खोटं कशाला बोलू, फार हवी आहे.

काम तसं सोपं. एकाच खाडीच्या या काठाला पोदग्लाव, समोरच्या काठाला सुत्वारा. सुत्वारातली म्हातारी माणसं आठवड्यातून तीनदा तोल सावरण्याचे व्यायाम करणार. ते शिकवायला दुये नावाचा फिजिओथेरपीचा विद्यार्थी आलाय. पोदग्लावमध्ये कोणी काही करायचं नाही. आठ आठवड्यांत सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, असं तीनदा मी दोन्ही गावांना मोजणार. एका पायावर किती वेळ उभं राहता येतं, हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, चालताना पाय कसा पडतो. व्यायाम कोणत्या गावाला द्यायचा हे बाईंनी स्प्लिटमध्ये टोपीत चिठ्ठ्या टाकून ठरवलं.

संध्याकाळी चर्चसमोर सगळ्यांना जमवून समजावलं. इथे प्रत्येक म्हातारी 'तेता' आणि प्रत्येक म्हातारा 'बार्बा'. बार्बा प्रोस्पेर म्हणून एक आहेत, सगळा जन्म जहाजांवर गेलेला. त्यांनी विचारलं, "म्हणजे ते व्यायाम करणार. आणि आम्ही?"

"तुम्ही काही करायचं नाही."

"काहीच नाही?"

"रोजच्यासारखं जगायचं. मग शेवटी आम्ही तुमची सुत्वाराशी तुलना करणार."

त्यावर कोणीही प्रश्न विचारला नाही. एकमेकांकडे बघून सगळे सावकाश घरी गेले. मला जरा धाकधूक होती, पण फार समजूतदार लोक आहेत.

२ जुलै

पहिली मोजणी झाली. सुत्वारा थोडं पुढे, पोदग्लाव थोडं मागे.

मी तेता पेरिनाच्या घरी राहते. नवरा गेलेला, वय अठ्ठ्याहत्तर, जीभ अठरा वर्षांची. खोलीच्या भाड्यात जेवण धरलेलं नाही, पण मी जेवले नाही तर ती रागावते. आज तिला एका पायावर उभं केलं तर तीन आकडे मोजायच्या आत तिनं टेबल पकडलं. फेब्रुवारीत घरापुढच्या पायऱ्यांवरून पडली तेव्हापासून ती समुद्रापर्यंत उतरलेली नाही. घराच्या दारातून समुद्र दिसतो आणि ही पाच महिने वरूनच बघतेय.

तिचा मुलगा याक्शा स्प्लिटला असतो. त्यानं एका वृद्धाश्रमात तिचं नाव घातलंय. थोरल्या मरियेच्या सणानंतर, सोळा ऑगस्टला, तो तिला न्यायला येणार. रात्री जेवताना तिनंच सांगितलं.

"आई, तू एकटी पायऱ्या उतरू शकत नाहीस तर एकटी राहूही शकत नाहीस, असं म्हणतो. तिथे लिफ्ट आहे म्हणे. मला लिफ्टनं कुठे जायचंय?"

मला याक्शाचं म्हणणं पटलं. शास्त्रीय दृष्टीनं बघितलं तर त्याचं काही चुकत नाही. पण तिच्यासमोर बोलले नाही, कारण ती मला माशाचा डोक्याकडचा चांगला भाग वाढत होती.

मग तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सुत्वाराची दोमिना किती वेळ उभी राहिली?"

"ते सांगता येत नाही तेता."

"म्हणजे माझ्याहून जास्त." ती उठली आणि भांडी जरा जोरातच आपटली. या दोघी एकाच सार्डिनच्या कारखान्यात शेजारी-शेजारी बसून आयुष्यभर मासे डब्यात भरत होत्या. मैत्री असणार जुनी.

५ जुलै

दुये संध्याकाळी त्याची छोटी होडी घेऊन आला. मी मक्याच्या शेतांच्या मुलखातली, म्हणून तो मला 'कणीस' म्हणतो. मी कानाला खडा लावलाय, याच्याशी कामापुरतंच बोलायचं. अंजिरं देऊन गेला. उरली होती म्हणाला. परवाही उरली होती. सुत्वाराचे लोक अंजिरं खात नाहीत की काय?

११ जुलै

फारसं काही घडत नाही. ऊन, झोप, उकडलेली पालेभाजी, ऑलिव्हचं तेल. मी खूप वाचते आहे.

बार्बा प्रोस्पेर सकाळी धक्क्यावर जुनी दुर्बीण घेऊन बसतात. काय बघता विचारलं तर म्हणाले, "जहाजं." मला एकही जहाज दिसलं नाही. तसं म्हटलं तर म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमच्याकडे मक्यात जहाजं चालत नाहीत, तुम्हाला कशी दिसणार?" सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी जहाजं जास्त असतात म्हणे. त्या दिवशी त्यांच्या शेजारी तेता आगाता बसते आणि ते बघून सांगतात ते ती मान डोलावत ऐकते. म्हातारपणी जुन्या दिवसांच्या गोष्टी ऐकणारं कोणी असलं की बरं असतं.

१६ जुलै

एक गोष्ट लक्षात आली आणि ती मी गंभीरपणे घेणार आहे. या गावात सगळ्यांच्या पायाला कुरूप झालंय.

सुरुवात तेता पेरिनापासून. सकाळी चुलीपाशी बगळ्यासारखी एका पायावर उभी राहून कांदा चिरत होती. विचारलं तर म्हणाली, "उजव्या पायाला कुरूप आहे, टेकवत नाही." काल डावा पाय वर होता. म्हटलं, "तेता, आज डावा?" तर म्हणाली, "पसरतंय."

पावाच्या गाडीपाशीही तेच. चार जणी रांगेत उभ्या आणि चौघींचा एकेक पाय अधांतरी. बार्बा प्रोस्पेर तर बालोतेच्या खेळात लाकडी चेंडूही एका पायावर उभं राहूनच टाकतात. समोरचा भिडू ओरडत होता, "ही कुठली नवी फॅशन?" आणि ते म्हणाले, "कुरूप."

मी इथल्या चपलांची पाहणी करायचं ठरवलंय. मुख्य अभ्यासाला जोडून एक छोटा अभ्यास. बाईंना आवडेल.

दुयेला सांगितलं तर तो होडीतच आडवा पडून हसत सुटला. मी रागावले. इतरांच्या दुखण्यावर हसणारा माणूस फिजिओथेरपिस्ट कसा होणार?

२२ जुलै

दुसरी मोजणी. माझं डोकं चालेनासं झालंय.

सुत्वारा सुधारलं, ते अपेक्षितच होतं. पण पोदग्लावही सुधारलंय. थोडंथोडकं नाही, जवळजवळ बरोबरीनं. काही न करता! तेता पेरिना टेबलाकडे न बघता, ओठ मिटून इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं घड्याळ बंद पडलं. खुर्चीतून उठताना हात तिनं छातीशी बांधून धरले होते, मी काही सांगायच्या आधीच. मी म्हटलं, "वा! तुम्हाला बरोबर माहीत आहे की." ती म्हणाली, "अंदाजानं."

घड्याळ तपासलं, ठीक आहे. मग कारण काय? रात्री बसून तीन शक्यता मांडल्या. समुद्राची हवा, सार्डिन मासे, आणि कुरुपांमुळे आपोआप होणारा सराव. पहिल्या दोन जास्त भक्कम वाटतात. बाईंना सविस्तर कळवलंय.

२४ जुलै

बाईंचा फोन आला.

"सार्डिन?" त्या म्हणाल्या. "तेना, सुत्वारातली माणसं काय खातात?"

"सार्डिन."

"आणि हवा कुठली?"

"समुद्राचीच."

"मग?"

मी घाईघाईनं वहीतली तिसरी शक्यता शोधू लागले.

"तुम्ही तिथे राहताय की नुसत्या झोपायला जाताय? डोळे उघडा आणि गावात फिरा."

नाकानं कांदे सोलतात या बाई. रोज किती फिरते मी!

२९ जुलै

आज अक्षर वेडंवाकडं येतंय. रागानं की हसूनहसून, ते नक्की सांगता येत नाही.

सकाळी पोहायला म्हणून लवकर निघाले. मागच्या गल्लीत ऑलिव्हचं तेल गाळायची जुनी इमारत आहे, ती हिवाळ्यापर्यंत बंद असते. आज आतून तेता पेरिनाचा आवाज येत होता.

"पाठ ताठ! डोळे समोर! आगाता, प्रोस्पेरचा खांदा सोड! सुत्वारात कोणी खांदा धरत नाही!"

मी दार ढकललं. आत अख्खा तुलनेचा गट. माझ्या यादीतलं एकही माणूस बाकी नव्हतं. सगळे दोन रांगांत, एका पायावर. मला बघितल्यावरही पाय कोणीही खाली टेकवला नाही.

"तेता!" मी ओरडले. "हे काय चाललंय?"

"प्रार्थना," मागून कोणीतरी म्हणालं.

"कधीपासून?"

बार्बा प्रोस्पेर म्हणाले, "तुमच्या त्या सभेच्या दुसऱ्या दिवसापासून." आता लपवण्यात अर्थ नाही म्हटल्यावर त्यांच्या आवाजात अभिमानच आला. "मी दुर्बिणीतून बघतो, आगाता लक्षात ठेवते, पेरिना करून घेते. तो दुये धक्क्यावर शिकवतो ते सगळं इथून स्वच्छ दिसतं. फक्त तो पाठमोरा झाला की पंचाईत होते."

म्हणजे जहाजं नव्हती. कुरूपंही नव्हती. आणि मी चपलांचे प्रश्न लिहून काढले होते!

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" माझा आवाज चिरकला. "काही करायचं नाही. रोजच्यासारखं जगायचं!"

तेता पेरिनानं आता कुठे पाय खाली ठेवला. अगदी अलगद, कुठेही न धरता. "लेकरा, रोजच्यासारखंच जगतोय की. सुत्वाराला हरवायचं हे आमचं रोजचंच काम. त्यांनी चर्चचा मनोरा बांधला तर आम्ही वीतभर उंच बांधला. त्यांनी बँड काढला, तर आमच्यात कोणाला वाजवता येत नव्हतं तरी आम्ही काढला. आणि तू चर्चसमोर उभी राहून सांगतेस की ते तरुण होणार, आम्ही बसून राहणार आणि मग तुलना. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं? मला वाटलं समजूतदार लोक आहेत. पहिल्या पानावर लिहिलंय तसं.

३० जुलै

बाईंना सगळं सांगितलं. दुर्बिणीशी आल्यावर त्यांनी थांबवलं.

"एका गावातून दुसऱ्या गावाचा धक्का दिसतो?"

"माणसांचे चेहरेसुद्धा दिसतात."

"नकाशावर मला ते लांब वाटलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. मग आवाज पुन्हा नेहमीचा झाला. "ठीक आहे. अजून वेळ आहे. आजपासून पोदग्लावचा व्यायाम बंद करा. शेवटच्या मोजणीपर्यंत ते खाली आले तर काहीतरी हाती लागेल. व्यायाम थांबवल्यावर काय होतं ते दाखवता येईल. तेही कमी नाही. तुमची मांडणी वाचेल."

फोन ठेवला तेव्हा जीव भांड्यात पडला. बाई हुशार आहेत. सगळं संपलेलं नव्हतं.

तेता पेरिना अंगणात चवळीच्या शेंगा सोलत होती. मी तिला समजावून सांगितलं. ऑगस्टअखेरपर्यंत थांबायचं, मग हवं तेवढं करा.

ती सोलतच राहिली. "याक्शा सोळाला येतोय."

"हो."

"तू सांगितलंस तर मी थांबेन. आणि बाकीच्यांनाही थांबवेन, माझं ऐकतात ते." टोपलीत शेंगा उरल्या नव्हत्या तरी ती हात फिरवत होती. "तू डॉक्टर होणार आहेस. तुला कळतं."

मी 'विचार करून सांगते' म्हटलं. विचार करण्यासारखं काय आहे त्यात, कोण जाणे. एक वाक्य बोलायचं होतं. उद्या बोलेन.

१ ऑगस्ट

काल बोलले नाही.

आज पहाटे तिनं दार वाजवलं. "उठ. तू मागून चाल, पण मला हात लावायचा नाही."

आम्ही पायऱ्या उतरलो. ती पुढे, मी मागे. जिथे पडली होती तिथे ती थांबली, त्या पायरीला एक शिवी दिली आणि पुढचा पाय टाकला. मी दोन्ही हात पुढे धरून चालत होते. तिनं मागे वळून बघितलं असतं तर मलाही शिवी मिळाली असती. खाली पोचल्यावर चपला काढून ती पाण्यात उभी राहिली. नंतर म्हणाली की खडकांवर इतकं शेवाळं कधीच नव्हतं, पाच महिन्यांत गावानं काहीच साफ केलेलं नाही, आणि याला मी जबाबदार असल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मला रडू आलं. तिला ते दिसू नये म्हणून मी तोंड धुतलं.

वर येऊन बाईंना फोन केला.

"मी त्यांना थांबवणार नाही."

"का?"

"तेता पेरिना आज समुद्रापर्यंत उतरली. तिला मी सांगितलं तर ती थांबेल. म्हणून सांगणार नाही."

"मग तुमच्याकडे अभ्यास उरत नाही, तेना. तुलनेचं गावच नाही म्हटल्यावर कशाशी काय ताडून बघणार?"

"उरत नाही. मला कळतंय."

"लेखी कळवा," त्या म्हणाल्या. "जे झालं ते, झालं तसं. चपलांसकट," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कडकडून भूक लागली आणि मी तळलेल्या सार्डिनची अख्खी ताटली संपवली.

७ ऑगस्ट

जागा स्प्लिटच्या अकरा जणांतल्या मिस्लाव्हला मिळणार हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचे उंदीर फार शिस्तीचे निघाले. एकाही उंदरानं शेजारच्या पिंजऱ्यात डोकावून बघितलं नाही. अर्धा दिवस मला त्याचा मत्सर वाटला. मग दुये आला.

"गेली जागा?"

"गेली."

"चल पोहायला."

असा माणूस. धड सांत्वनही करता येत नाही त्याला. पण पाणी छान होतं. परतताना त्यानं विचारलं की विंकोव्त्सीला जायला स्प्लिटहून थेट गाडी आहे का आणि तिकडे हिवाळ्यात थंडी फार असते का. आमच्या गावात याचं काय काम असेल? तिथे ना समुद्र, ना अंजिरं. मी म्हटलं, गाडी झाग्रेबला बदलावी लागते. त्यानं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

१२ ऑगस्ट

अभ्यास रद्द झाल्याचं काल दोन्ही गावांत सांगितलं. मला वाटलं होतं लोक निराश होतील. निराश कुठले, भडकले.

"मग जिंकलं कोण?" बार्बा प्रोस्पेरनी विचारलं.

"कोणीच नाही. ती स्पर्धा नव्हती."

"डॉक्टरीणबाई, दोन गावं, एक घड्याळ, आणि स्पर्धा नव्हती?"

समोरच्या काठावर तर बोंबाबोंब. पोदग्लावनं चोरून सराव केला, हे लबाड आहेत, आम्ही इमानदारीनं घाम गाळला, वगैरे. दुयेला घेरून त्यांनी विचारलं की तू पाठ करून का उभा राहिला नाहीस. संध्याकाळी प्रोस्पेर स्वतः होडी वल्हवत सुत्वाराला बोलणी करायला गेले. इकडून आम्हाला फक्त हातवारे दिसत होते. दुर्बीण आता आगाताकडे होती आणि ती सांगत होती, "ओरडतायत. अजून ओरडतायत. आता वाईन आली."

ठरलं ते असं. सोळा तारखेला संत रोकचा दिवस. त्याचं छोटं चर्च भूशिरावर, बरोबर दोन गावांच्या मध्ये आहे. दरवर्षी तिथे दोन्हीकडची माणसं जमतात, प्रार्थना होते आणि मग भांडण होतं. यंदा प्रार्थनेनंतर भांडणाऐवजी एका पायावर उभं राहायचं. दोन्ही गावांतून एकेक जण, हरेल तो बाद. घड्याळ माझ्याकडे.

मी म्हटलं, याचा शास्त्राशी काही संबंध नाही. प्रोस्पेर म्हणाले, "तुमचं शास्त्र झालं ना करून? आता जरा आम्हाला काम करू द्या."

तेता पेरिनाचं नाव यादीत सर्वांत वर आहे. याक्शालाही तिनं फोनवर सांगितलं, "ये की. पण दुपारनंतर ये, मला काम आहे." काय काम ते सांगितलं नाही.

१६ ऑगस्ट

सगळं आजच लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

याक्शा दुपारच्या बोटीनं आला. जाडसर, घामेजलेला, दमलेल्या डोळ्यांचा माणूस. काखेत खोक्यांचे घडी केलेले पुठ्ठे होते. मला तो दुष्ट वाटेल अशी माझी खात्री होती. तसा तो नाही. त्यानं आल्याआल्या अंगणातला सैल झालेला दगड पायानं दाबून बघितला आणि बाजूला केला.

"आई कुठे आहे?"

"संत रोकच्या चर्चपाशी."

"कोणी नेलं तिला?"

"चालत गेली."

"पायऱ्या उतरून? त्या वाटेनं?" त्याचा चेहरा उतरला. "आणि तुम्ही जाऊ दिलंत? तुम्ही डॉक्टर ना?"

तो पळतच निघाला. मी घड्याळ घ्यायला घरी आले होते, ते घेऊन त्याच्यामागे. वाटभर तो बोलत होता, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. फेब्रुवारीत ती सकाळपासून पायरीवर पडून होती. पाववाल्याला दिसली म्हणून वाचली. "त्या दिवसापासून रात्री फोन उशाशी घेऊन झोपतो मी, तुम्हाला नाही कळायचं." मला कळलं. पण धावताना बोलता येईना.

पोचलो तेव्हा पहिल्या फेऱ्या उरकत आल्या होत्या. दुयेकडच्या घड्याळावर भागवलं होतं. चर्चसमोरच्या फरशीवर दोन्ही गावं समोरासमोर. प्रोस्पेर बाद झाले होते आणि वाऱ्याला दोष देत होते. आणखी बरेच पाय टेकले, बऱ्याच शिव्या झाल्या. शेवटी उरल्या दोघी. सुत्वाराची दोमिना आणि आमची पेरिना.

मी खूण केली. दोघींनी पाय उचलले.

पहिल्यांदा याक्शा झटकन पुढे झाला, तिला धरायला. प्रोस्पेरनी त्याची कॉलर मागून पकडली. "हात लावलास तर आपण हरतो."

"ती पडेल!"

"बघ तर खरं."

मग तो बघू लागला. ती उभी होती. काळा झगा, पांढरे केस वाऱ्यावर, ओठ मिटलेले, नजर दोमिनावर रोखलेली. दोमिनाही तशीच. खाली लाटा आपटत होत्या. माझ्या घड्याळावरचा आकडा जुलैच्या मोजणीला मागे टाकून किती तरी पुढे गेला. पेरिनाचा घोटा थरथरायला लागला. शरीर एका बाजूला कललं, हात पसरले, पुन्हा सावरलं. सगळ्या पोदग्लावनं श्वास आत ओढला.

आणि याक्शा ओरडला. त्या जाडसर माणसाच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज फुटला. "धर, आई! धर! सोडू नको!"

तिनं त्याच्याकडे बघितलं. तिला तो आल्याचं ठाऊकच नव्हतं. नजर हलली, तोल गेला आणि पाय टेकला.

सुत्वारानं आरोळी ठोकली, घंटा वाजवली, दोमिनाला खांद्यावर घेतलं. पोदग्लाव सगळं याक्शावर तुटून पडलं. "ओरडायचं काय कारण होतं? पोटच्या पोरानं हरवलं!" आगातानं त्याला पंख्यानं मारलं. तो तिथेच उभा होता, हात खाली सोडून, डोळे पुसत. तेता पेरिना गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे आली. तिचा पाय एकदाही अडखळला नाही.

"गाढवा! हातातोंडाशी आलं होतं. अजून थोडा वेळ, दोमिनाचा गुडघा वाकत होता, मला दिसत होतं! कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

"चुकलं, आई."

"पुढच्या वर्षी तू तिकडे मागे उभं राहायचं. झाडाखाली. आणि एक अक्षर बोलायचं नाही."

तो काही क्षण तिच्याकडे, मग तिच्या पायांकडे बघत राहिला.

"बरं," याक्शा म्हणाला. "पुढच्या वर्षी मागे उभा राहीन."